वहिनींच्या नावाने बसलेला सर्व्हर

“सगळ्या ऑफिसात माझंच नाव सापडलं तुम्हाला, भावोजी?”

“वहिनी, आधी ऐकून तरी घ्या.”

“मंगळवारपासून ऐकतेच आहे. सगळ्यांची अर्ध्या दिवसाची कामं गेली आणि मेमो कुणाला? मला! ‘आपण हेतुपुरस्सर सर्व्हर बंद पाडल्याचे दिसते. गुरुवारी अकरापर्यंत खुलासा करावा.’ हेतुपुरस्सर! मी त्या वेळी चहाच्या खोलीत कप विसळत होते.”

“सर्व्हरला कप दिसत नाहीत. त्याला नाव दिसतं.”

“मग तो शहाणा आणि मी खुळी?”

आतल्या खोलीतून दादांचा आवाज आला, “मला मध्ये घेऊ नका.”

“तुम्हाला कोण घेतंय!” दोघं एकदम म्हणाले.

ऑफिसात भावोजींना ‘तीनदा’ म्हणतात. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात, म्हणून. ऑफिस पाणीपुरवठ्याच्या नकाशांचं. कुठली पाइपलाइन कुठल्या रस्त्याखालून जाते, ते तिथे काढून ठेवतात. भावोजी मूळचे स्टोअरकीपर. एकोणीस वर्षांपूर्वी पहिला सर्व्हर आला. त्याला खोली हवी होती, खोलीला कुलूप हवं होतं आणि कुलपांच्या किल्ल्या भावोजींकडे होत्या. एवढ्या पात्रतेवर सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला. पुढचं सगळं ते मॅन्युअल वाचून, चुकून, परत वाचून शिकले. लग्न राहिलं ते राहिलंच. “सवड झाली नाही,” असं ते सांगतात. वहिनी म्हणतात, “मुलीलाही तीनदा विचारलं असतं, नक्की ना?”

वहिनी त्याच ऑफिसात नकाशे काढतात, बावीस वर्षं. पुढच्या आठवड्यात मुख्य आरेखकाच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती. मेमो निकाली निघाला नाही, तर त्यांना खोलीत बोलावणारसुद्धा नव्हते.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलीला ठरवून दिलेलं असतं: ती वाचायची कुणी आणि बदलायची कुणी. सहा महिन्यांपूर्वी भावोजी फाइलींची यादी छापून, पट्टी धरून, एकेक ओळ तपासत बसले होते. सांगितलं नव्हतं कुणी. त्यात त्यांना एक फाइल अशी सापडली, की जिला फक्त सर्व्हरनेच हात लावायचा, पण ती कुणालाही बदलता येत होती. तिच्यात एक वेडीवाकडी ओळ पडली की सर्व्हर बसणार आणि सगळ्या स्क्रीन काळ्या होणार. त्यांनी सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: धोका किरकोळ आहे, कारण बाहेरून कुणाला हे करता येत नाही, फक्त आतल्यांना येतं.

“आतले म्हणजे आपणच की,” वहिनी तेव्हा हसल्या होत्या.

मग कंपनीची दुरुस्ती आली. भोक बुजलं, असं तिच्यासोबतच्या कागदावर होतं. भावोजींनी कागदावर विश्वास ठेवला असता तर ते भावोजी कसले? मंगळवारी त्यांनी वेडीवाकडी ओळ घालून बघितली आणि सर्व्हर बसला.

“पण करून बघायचं तर स्वतःच्या नावाने बघायचं!”

“माझ्या नावाला सगळंच करता येतं, वहिनी. त्यातून काय कळणार? साधं माणूस हवं होतं.”

“आणि मी साधी.”

“नवीन नाव उघडायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. तुमचा पासवर्ड मला माहीत होता. तुम्ही विसरता, म्हणून तुम्हीच सांगून ठेवला होता. वाटलं, भोक बुजलंय, काही होणारच नाही.”

“मग हे साहेबांना सांगा.”

“सांगितलं की उद्या प्रत्येक जण ती फाइल शोधत बसेल.”

“आणि नाही सांगितलं की मी घरी बसेन.” वहिनींनी डबा भरला. एकच, स्वतःचा. “पासवर्ड बदललाय मी काल. विसरले तर विसरले.”

अकराला दहा मिनिटं असताना भावोजी साहेबांसमोर उभे राहिले. वहिनी शेजारी, हातात मेमो. भावोजींनी सगळं सांगितलं, फाइलीचं नाव सोडून.

“दुसऱ्याचा पासवर्ड वापरायचा नाही, हा नियम माहीत आहे?”

“तो मीच लिहिलाय, साहेब.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. “हे बघा, घरचं माणूस अडकलं की कुणीही अंगावर घेतं. साध्या नावाने सर्व्हर बसतो, हे मी का मानावं? दाखवा करून.”

“कुणाच्या नावाने?”

“माझ्या. घ्या. नकाशे बघण्यापलीकडे मला त्यात काही करता येत नाही.”

भावोजी बाहेर जाऊन म्हणाले, “सगळ्यांनी कामं सेव्ह करा.” थोड्या वेळाने, “केली?” मग, “नक्की?”

“केली हो!” सगळं ऑफिस ओरडलं.

साहेब पासवर्ड टाइप करत होते तेवढा वेळ भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग खुर्चीत बसले, कीबोर्डवर पाठ वाकवून. आठ-दहा बटणांचा आवाज झाला. साहेबांची स्क्रीन काळी झाली. दारातून दिसणाऱ्याही एकामागून एक गेल्या. कुणीतरी बाहेर म्हणालं, “गेला.”

साहेब काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. “म्हणजे हे आता माझ्या नावावर लागलं?”

“हो, साहेब.”

“अकरा वाजता,” वहिनी म्हणाल्या. “खुलासा करावा लागेल.”

साहेबांनी हात पुढे केला. वहिनींनी मेमो दिला. साहेबांनी त्यावर ‘रद्द’ लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावलं. तोवर दारात पाच-सहा जण जमले होते. नकाशे बंद, त्यामुळे सगळे मोकळेच.

“ते ठीक आहे,” साहेब म्हणाले. “पण तुम्ही टाइप काय केलंत?”

दारातले सगळे एक पाऊल पुढे सरकले. वहिनीही भावोजींकडे बघायला लागल्या.

“मी विचारतोय, कुठली फाइल?”

भावोजींनी खिशातून सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढली, दारातल्या माणसांमधून वाट काढली आणि ते सर्व्हर सुरू करायला निघून गेले.