काळपट निळी

कुवेतमधल्या शुवैखच्या आमच्या गोदामात माझ्या शेजारच्या टेबलावर रत्नागिरीचे एक चाचा बसत. फाउंटन पेनची निळी शाई निवडताना ते एक ओळ लिहून वाळू देत, मग तिच्यावर पाण्याचा थेंब सोडत. चार बाटल्यांनंतर न पसरणारी एक काळपट निळी त्यांच्या मनात भरली.

"मजकूर धुऊन दुसराच लिहितात रे," ते हळूच म्हणाले.

एकदा मॅनेजरने मला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. माझा राहण्याचा परवाना, अकामा, त्याच्याच हातात होता. मी पेन उचललं. चाचांनी कागदावर पंजा ठेवला.

"पहले लिखो साहब, बाद में साइन."

मॅनेजर सहीविनाच कागद घेऊन गेला. महिन्याने माझ्या अकाम्याची मुदत वाढली, त्यांच्या नाही. गावी परतायला निघताना चाचा म्हणाले, "तुझ्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो."