चार पोकळ पाय

माझा धाकटा भाऊ लाकडी नमुने करायचा. म्हणजे कारखान्यात एखादी वस्तू ओतण्याआधी ती लाकडात घडवून द्यायची. हात असा की बघत बसावं, आणि जीभ अशी की उठून जावं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची, त्याच्याच बाकावर काम शिकली. तिला तो ठोंबी म्हणायचा. तिने कोरलेली वाटी खिडकीशी धरायची, आतून अंगठा फिरवायचा, आणि एखाद्या जागी भिंत जाड लागली की ती जमिनीवर ठेवून टाचेखाली फोडायची, ही त्याची शिकवायची पद्धत. पाहुणे बसलेले असले तर आधी त्यांना दाखवायची. मग एकच शब्द : "पुन्हा." पोर नाक पुसून नवा ठोकळा घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अरे, मुलगी आहे का गुलाम?" तर म्हणे, "ताई, तू कॉलेजात गणितं शिकव. इथे डोकं घालू नकोस."

पुढे लाकडाचं काम बंद पडलं. भाचीने घराच्या तळमजल्यावर, बापाच्याच कामाच्या जागेत, संगणकावर प्लास्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करायचं ऑफिस थाटलं. रंधे, पटाश्या माळ्यावर गेल्या. भाऊ मात्र खालीच राहिला. म्हातारपणी संगणक शिकला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. खिडकीजवळची खुर्ची मिळवली आणि तिच्यात असा रुतला की जेवायला वर बोलवायला मला जिना उतरावा लागे. बायको गेल्यावर त्याला दुसरं काही उरलंच नव्हतं.

ऑफिसात मुलगी त्याला 'मिस्त्री' म्हणायची आणि तो चारचौघांत तिला 'ठोंबे'. एका नव्या मुलीच्या कामातल्या चुका त्याने सगळ्यांसमोर वाचून दाखवून तिला रडवलं, तेव्हा भाचीने बजावलं, "मिस्त्री, यापुढे तुमची एक चूक सापडली, की खुर्ची गेली."

"सापडव," तो म्हणाला.

सापडली. रक्तदाब मोजायच्या यंत्राचं कवच करायचं होतं. वरून उघडा डबा, खाली चार पाय, त्या पायांत स्क्रू जाऊन डबा स्टँडवर बसणार. संगणकावर अशी वस्तू आधी भरीव ठोकळा म्हणून करतात आणि मग शेलची कमांड देतात. भिंत किती जाड हवी ते सांगायचं, संगणक आतलं सगळं काढून टाकतो. भावाने लाकडात करायचा तसंच केलं. आधी ठोकळा, त्याला पाय, पूर्ण वस्तू उभी केली आणि शेवटी पोखरली. लाकडात पटाशी पायांपाशी आली की त्याचा हात आपोआप थांबायचा. संगणकाला कुठला हात? त्याने सांगितलेली जाडी इमानदारीने ठेवली आणि पायही आतून साफ केले. पाय शेलनंतर लावायचे असतात. बाहेरून बघाल तर झकास वस्तू, पण स्क्रूला धरायला आत मालच नाही.

भाची जेवताना मला म्हणाली, "आत्या, बाबांनी पाय पोकळ केलेत."

"मग सांग त्याला."

"उद्या गिऱ्हाईक येतंय. तेव्हा सांगीन."

"आत्ता सांग. शेजारच्या खोलीत तर आहे."

"मला कधी पाहुणे यायच्या आधी सांगितलंय त्यांनी?" आणि तिने शांतपणे भाताचा पुढचा घास घेतला. चेहरा हुबेहूब बापाचा.

मी उठले आणि शेजारच्या खोलीत गेले. तो चष्मा पुसत होता.

"तुझे पाय पोकळ झालेत म्हणे. खाली जाऊन बघ एकदा."

"कोण म्हणतं?"

"तुझी मुलगी."

"ठोंबी? माझं काम तपासणारा अजून जन्माला यायचाय, ताई."

"जन्माला आलीय. तूच आणलीस. मुकाट्याने जा आणि बघ."

"तुला यातलं काय कळतं!" त्याने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मीही खाली जाऊन मागे बसले. मला कोण हटकणार? गिऱ्हाईक आलं, चहा झाला. भाचीने कवच मोठ्या पडद्यावर लावलं आणि सावकाश फिरवलं. भाऊ मान ताठ करून बसला होता. मग तिने बरोबर पायांमधून उभा छेद घेतला.

गिऱ्हाईक पुढे वाकलं. "यात स्क्रू काय हवेत मारायचा?"

पहिली हसली ती रडवलेली मुलगी. मग सगळेच हसले.

"आमच्या सगळ्यात जुन्या माणसाचं काम आहे," भाची म्हणाली. "तुम्हाला द्यायचं डिझाइन मी वेगळं करून ठेवलंय. हे नुसतं दाखवायला ठेवलं होतं." मग बापाकडे वळून, "मिस्त्री, उठा."

तो उठला नाही. त्याने माऊस जवळ ओढला. "पाच मिनिटांचं काम आहे. पाय काढतो, शेल देतो, मग पाय लावतो. पुन्हा करतो मी."

तिने पडद्यावरचं कवच बंद केलं.

"पुन्हा म्हण ना," तो म्हणाला. मी त्याला उभ्या आयुष्यात कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. "मी तुला दर वेळी म्हणायचो."

"म्हणायचात," ती म्हणाली. "उठा, बाबा."

त्या दिवसापासून तो वरच असतो. खिडकीजवळ आता ती रडवलेली मुलगी बसते, आणि नव्या पोरांवर ओरडायलाही शिकली आहे म्हणे. मी कधी म्हटलं, की निदान त्या रात्री खाली जाऊन बघितलं असतंस, तर तो माझ्याकडे रागाने बघतो.

"नीट सांगायचं होतंस," म्हणतो.