मी न गेलेले सात मंगळवार

आधी एक स्पष्ट करते. या सदरातले अनुभव मी चिडण्यासाठी वाचते. चकवा, हाकामारी, पिंपळावरची बाई... वडील युनियनचे, आमच्या घरी देवघराच्या जागी सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. पाय लुळे झालेल्या पोरांना ग्रहणात कमरेपर्यंत मातीत पुरतात, त्याविरुद्धचं पत्रक मीच लिहून वाटलंय आणि त्यापायी शिव्या खाल्ल्यात. त्यामुळे हे मला लिहावं लागतंय, याचाच वैताग आहे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. मी एका संस्थेतर्फे उदगीर भागात पोलिओ झालेल्या मुलांच्या घरी जाऊन व्यायाम घेत असे. गाव कर्नाटकच्या शिवेवरचं. नाव देत नाही – दिलं तर महिन्याभरात तिथे नारळाचं दुकान लागेल.

तिथली शिवलीला, सहा वर्षांची. डावा पाय पोलिओने अधू, गुडघा वाकून आखडलेला. गुडघा सरळ झाला तर कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा साचा, बसणार, कॅलिपर बसला तर ती चालत शाळेत जाणार. नाहीतर जन्मभर हातांवर सरकत राहणार. आई महानंदा रोजगार हमीवर खडी फोडायला, बाप चाऱ्यासाठी बैल घेऊन परमुलखात. घरी आजी, तिला सगळे अव्वा म्हणायचे.

मी दर मंगळवारी जायचे. मधल्या दिवसांत आयांनी व्यायाम घ्यावा म्हणून मी पत्रक काढलं (दुसरं काय काढणार?). त्यावर चित्र : मूल बसलेलं, आईचे दोन्ही हात गुडघ्यावर. खाली माझ्या अक्षरात, 'जोर लावून दाबा.' नऊ घरांच्या भिंतींवर ते मी स्वतः लावलं.

मग संस्थेची जीप पाणीटंचाईच्या कामाला गेली, आणि मी कॅलिपरच्या अर्जामागे. नव्या जिल्ह्यात म्हणायचे, कागद जुन्या जिल्ह्यात आहेत. जुन्यात म्हणायचे, बाई, तुमचा जिल्हा आता वेगळा झाला. यात सात मंगळवार गेले. सात. एकदाही मी त्या गावात पाऊल टाकलं नाही.

आठव्या आठवड्यात नांदेडला प्रशिक्षण होतं. आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी पत्रक पाहिलं.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"असं दाबलं की गुडघा सरळ झाल्यासारखा वाटतो. पण नडगीचं हाड मागे सरकतं. मग कॅलिपर विसरा. मुलाला पालथं झोपवायचं, पावलं बाजेबाहेर, घोट्याला हलकं वजन लटकवायचं... आणि थांबायचं. एवढं तुला शिकवलं नव्हतं?"

शिकवलं असणार. मला थांबणं पटलं नसणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली आणि फाट्यापासून उन्हात चालत गेले. अव्वा दारातच बसली होती.

"आज शुक्रवारी कशी गं आलीस बाय? कालपरवा तर येऊन गेलीस."

मी तिला ओलांडून आत गेले. शिवलीला बाजेवर पालथी झोपली होती. पावलं बाजेबाहेर. डाव्या घोट्याला जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली पिशवी, आत वाळू. भिंतीवरच्या माझ्या पत्रकावर कोळशाने मोठी फुली.

"हे कोणी सांगितलं?"

"कोणी म्हंजे? तूच की," अव्वा म्हणाली.

दुपारी महानंदा कामावरून आली. "असं काय करता ताई? मी दाबत व्हते, तर तुम्ही हात धरलाव माझा. म्हणलाव, दाबू नको महानंदा, माझं चुकलं. अन् कोळसा घेऊन काट मारली. बसव जयंतीच्या आधीचा मंगळवार. टँकर आलता त्या दिशी, म्हणून ध्यानात हाय."

त्या मंगळवारी मी संध्याकाळपर्यंत जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतल्या एका बाकावर बसून होते. आणि मुख्य म्हणजे, माझं चुकलंय हे त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं! ते कळलं पुढे दोन आठवड्यांनी, नांदेडला.

"मी आलेच नव्हते," मी म्हणाले.

"बरं. न्हाई आलीस. च्या घे," अव्वा म्हणाली.

दुसरी कोणी कार्यकर्ती म्हणावी, तर त्या भागात मी एकटीच. नर्सबाई बाळंतपणाला माहेरी. समोरच्या शाळेतल्या गुरुजींना विचारलं – बी.एड. झालेला माणूस, तो तरी सरळ बोलेल.

"मॅडम, मंगळवारी माझ्याच माठातलं पाणी प्यालात. ऊन लागलं का आज?"

सगळ्या गावाने मिळून माझी थट्टा करावी असं मी काही केलेलं नव्हतं. पोरीचा गुडघा मोजला. पस्तीस अंशांचा बाक दहावर आला होता आणि हाड जागेवर होतं. तीन तीनदा चाचपून पाहिलं. महानंदाने माझे पाय धरायला हात पुढे केले. मी ओरडलेच तिच्यावर. पाया पडून घ्यायला मी काय केलं होतं? चूक तेवढी माझी होती.

"चुकलीस, तर येऊन सांगितलंस. आता अजून काय करतीस?" अव्वा वैतागून म्हणाली.

पावसाळ्यात शिवलीलाला कॅलिपर बसला. ती शाळेत जाते. गावात अजून माझं नाव घेतात, आणि मी नाकारलं की त्याला विनय समजतात.

कोण गेलं तिथे, मला माहीत नाही. तीन वर्षं मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एकही खुलासा पुरा पडत नाही. कदाचित विचार सोडूनही दिला असता. पण उरलेली आठ घरं होती. त्याच आठवड्यात मी ती पायी, टँकरवर बसून, मिळेल तशी गाठली. सात घरांत आया दिवसभर खडीवर. दाबायला कोणाला वेळच झाला नव्हता, म्हणून पोरं वाचली.

आठवं घर अहमदपूरकडचं. तिथली मुलगी पाच वर्षांची. गुडघा सरळ दिसत होता. हात लावताच कळलं – हाड मागे गेलेलं.

"मधे मी येऊन गेले का हो?" मी तिच्या आईला विचारलं. दोनदा विचारलं. माझ्यासारखी बाई, आणि 'हो' ऐकायला कासावीस झालेली.

"न्हाई की ताई. कोणीच आलं न्हाई," ती म्हणाली. मळू नये म्हणून तिने पत्रकावर प्लॅस्टिकचा कागद लावला होता. "पर तुम्ही लिवलं तसंच केलं. दोन्ही टाइम. एक दिस बी चुकवला न्हाई."