पोपटी गाडी मी का विकत नाही

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढेही कधी बोललो नाही — तिथे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि खोटं कशाला बोलू, लिहितानासुद्धा दाराबाहेर चप्पल वाजली की कागद उलटा करतो.

माझ्याकडे एक छोटी गाडी आहे. पोपटी रंगाची. घाटनांदूरच्या बाजूला तसल्या रंगाची दुसरी नाही. रंग उडालाय, मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, तरी मी ती विकत नाही. मित्र म्हणतात, ह्याचा जीवच गाडीत अडकलाय. कुणाला अशी छोटी गाडी घ्यायची असली की तो माझ्याकडे येतो — ॲव्हरेज काय देते, घाटात ओढते का, वर्षाला खर्च किती? मी रंगून रंगून सांगतो. फक्त, इंजिन तापतं का असं कुणी विचारलं की मी चहा मागवायला उठतो.

जीव नाही हो अडकलेला. भीती आहे. विकली तर कुणीतरी ती घेऊन त्या रस्त्याने जाणार. आणि त्याला कुणीतरी थांबवून विचारणार — आधीचा मालक कोण?

दुष्काळाचं साल होतं. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकही मी काढलं नव्हतं. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. सभासदांच्या जनावरांना चारा उरला नव्हता, छावणी मिळावी म्हणून बीडला बैठक होती. नेकनूर मागे पडलं आणि काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ. रेडिएटरच्या पाइपची क्लिप सैल होऊन सगळं पाणी रस्त्यावर सांडलं होतं. भर दुपार. विहिरींचे तळ उघडे पडलेले. पाणी मागायचं कुणाला?

एका बाभळीखाली मेंढपाळ उतरला होता. सटवा त्याचं नाव. चार मेंढरं, एक घोडं, आणि वाकळेवर पडलेली त्याची बायको — ताप, उलट्या, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्याजवळ पाण्याचा एकच कॅन होता. मी मागितला. आमच्याकडे पाण्याला नाही म्हणत नाहीत, दुष्काळातसुद्धा — आणि हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मागितला.

"पाजा की सायब गाडीला," तो म्हणाला. "पन हिला दवाखान्यात घेऊन चला. तुमी बीडलाच चाललात ना?"

मी हो म्हणालो. मग पाणी ओतलं. आधी हो, मग पाणी — एवढं लक्षात ठेवा. पाइप दाबून बसवला, वर रुमाल आवळला आणि कॅन पार रिकामा केला. तळाशी दोन घोट तरी ठेवावेत, हे मला सुचलं नाही.

तो तिला उचलायला वाकला आणि मी घाबरलो. रस्त्यातच गेली तर? नव्या गाडीत? पोलीस, पंचनामा, ही बाई तुमच्या गाडीत कशी? आणि — हेही लिहितोच — तिची उलटी माझ्या सीटवर. मी म्हणालो, इंजिन तापलंय, वजन पेलायचं नाही. मांजरसुंब्याला क्लिप आवळतो, पाणी भरतो आणि परत येतो. त्याने तिला पुन्हा वाकळेवर ठेवलं. मला हात जोडले.

मांजरसुंब्याला ढाब्याशेजारी क्लिप आवळून मिळाली. पाणीही मिळालं. तेव्हा दिसलं की त्याचा कॅन माझ्याच गाडीत आलाय. मी तो भरूनसुद्धा घेतला. म्हणजे परत जायचं होतं का मला? आजही सांगता येत नाही. चौकात गाडी उभी करून बसलो. मागून ट्रकने हॉर्न दिला, आणि मी बीडकडे निघालो. बैठकीला वेळेत पोचलो. छावणी मंजूर झाली. गावाने मला शाल दिली, नारळ दिला.

तेव्हापासून मेंढरांचा कळप गावाजवळून जायचा असला की मी गाडीवर ताडपत्री टाकतो. ऊन लागतं, असं घरी सांगतो.

तरी एकदा चुकलंच. संस्थेसमोर गाडीत बसत होतो आणि तो समोर आला. केस पांढरे झालेले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने बॉनेटवरून हात फिरवला.

"हीच ती पोपटी. परत येतो म्हनले अन् कावून आले न्हाईत? मला वाटलं, घाटात तुमचंच काही इपरीत झालं. लई दिस ट्रकवाल्याला इचारीत होतो बगा."

माझी काळजी! तो माझी काळजी करत होता. आणि मी काय म्हणालो?

"मी ही जुनी घेतलीय. आधीचा मालक दुसरा होता."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळखलं त्याने, मला ते दिसलं.

"असंल," तो म्हणाला. "मंग त्यो मानूस भेटला तर त्येला सांगा, बायकोचं माझ्या मंग —"

मी गाडी चालू केली. काच वर घेतली. ॲक्सिलरेटर दाबून धरला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते. सगळं बोलून झाल्यावर तो बाजूला सरकला आणि त्याने मला वाट करून दिली.

ती जगली की गेली, मला माहीत नाही. त्याने सांगितलं होतं. मी इंजिनाचा आवाज वाढवला.