चांदीच्या तारेतला आवाज

खरं तर हे सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही चहा पाजलाय, म्हणून सांगतो. बाहेर बोललात तर मी साफ नाकबूल करीन.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. बँकेत मी साधा कारकून, पण सुरतेजवळ उधन्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या कानांना मॅनेजरचा मान होता. कोणाचा टेपरेकॉर्डर खरखरला की मला बोलावणं यायचं. मी डोळे मिटून ऐकायचो आणि मान हलवायचो. दुरुस्त काही करता यायचं नाही, पण मान फार सुंदर हलवायचो.

त्या साली मी नवा डेक आणि दोन मोठे स्पीकर घेतले. मग कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, की खरी जान वायरमध्ये असते आणि चांदीच्या वायरला तोड नाही. झालं! दुसऱ्या गावी माणूस हळहळून गप्प बसला असता. पण सुरतेत जरीसाठी चांदीची तार ओढणारे कारखाने हवे तेवढे! अडलं होतं फक्त चांदीपाशी. ती बायकोच्या कपाटात होती. माहेरचे जाडजूड पैंजण, वर्षानुवर्षं डब्यात पडलेले.

वसुधाला मी अर्धा तास शास्त्र समजावलं. "आईनं दिलेत," एवढंच ती म्हणाली.

मी म्हटलं, "डब्यात मुके पडलेत. स्पीकरला लागले तर गातील तरी."

ती भांडली नाही. इथेच मला घाम फुटायला हवा होता की नाही? ती शाळेत शिकवायची आणि एका जरीवाल्याची मुलगी तिच्याच वर्गात होती, म्हणून पैंजण तीच घेऊन गेली आणि आठवड्याने तारही तीच घेऊन आली. टोकं चकचकीत, वरून स्वतः शिवलेली लाल कापडाची नळी. "उसवून बघू नका, नाजूक आहे," असंही बजावलं. बायको असावी तर अशी, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी आमचे मॅनेजर देसाईसाहेब आणि शेजारचे आप्पा पाटील यांना ऐकायला बोलावलं. आप्पा मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अजून अहिराणी, वीस वर्षं मिलमध्ये सांचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणारे. ठुमरीची कॅसेट आधी साध्या वायरवर लावली, मग चांदीवर. मला तर गाणारीच्या बांगड्यासुद्धा ऐकू आल्या! साहेब म्हणाले, "एकदम चोख्खो अवाज, भाई!" साहेबांच्या हो ला हो म्हणायची सवय मला होतीच. त्या दिवशी तेच मला हो म्हणाले, म्हणून छाती जरा जास्तच फुगली.

आप्पा मात्र खाली बघत म्हणाले, "माले ते काई फरक वाटना नई."

मी हसलो. सांच्यांच्या खडखडाटात कान गेले की असं होतं, असं साहेबांसमोर त्यांना गोड शब्दांत ऐकवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून छुम छुम असा आवाज येऊ लागला. मी बोट वर करून म्हणालो, "ऐका, तबल्यामागचे घुंगरू! तांब्याच्या वायरमधून हे आलं असतं?"

आप्पांनी उठून डेक बंद केला. घुंगरू चालूच राहिले आणि चहाचा ट्रे घेऊन वसुधा बाहेर आली. पायात आईचे पैंजण. नळीत दारावरच्या घंटीची जुनी वायर आहे, टोकांना फक्त कल्हई केली आहे, हे तिने कप मांडता मांडता सांगितलं.

साहेब बशीत बघू लागले. आप्पांनी डोळे मिटले, अगदी माझ्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "हाऊ आवाज मातर चांदीना शे."