मिट्टी चाळून ठेव

फोन आसिफचा होता, रज्जाकच्या मेहुण्याचा. "भाऊ, मिट्टी दुपारच्या नमाजीनंतर हाय. येजा." मी गोठ्यात होतो, घाईत होतो. रज्जाकच्या घरून मिट्टी म्हटलं की माझ्या लेखी एकच अर्थ... कुंडीत भरायचं मिश्रण. गड्यानं नवीन काहीतरी कालवलं असणार! "त्याले म्हणा चाळून ठेव, आलोच मी." आसिफ म्हणाला, "भाऊ... रज्जाकभाई गेले." त्यांच्यात दफनालाही मिट्टीच म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण रज्जाकच्या नावापुढे तो अर्थ येईचना.

रज्जाक बाभुळगावात एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाच्या पडत्या वर्षांत जिनिंगला टाळं लागलं. बाकीचे फिटर वणीला कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात गेले आणि या पठ्ठ्यानं घरामागं हिरव्या जाळीचं ग्रीनहाऊस ठोकलं. कुंडीतले जरबेरे विकणार म्हणे! मी पिढीजात कापूसवाला. आमच्या वावरातली काळी माती म्हणजे सोनं. ट्रॉलीभर नेऊन ओतली. झाडं झाडून मेली. वावरात जी माती राणी, ती कुंडीत ओली असताना चिखल आणि सुकली की कडेनं फाटून नुसतं ढेकूळ. पाणी भेगेतून सरळ खाली, मुळं कोरडी ती कोरडीच. रज्जाक ढेकूळ हातात घेऊन माझ्या दारात उभा, "गजा, तुह्या सोन्यानं माह्या झाडाचा गळा दाबला ना बे!"

रज्जाकच्या बायकोनं, शकीलाभाभींनी, बजावलं, "आता परत झाडं मेली, तर जाळी उतरवा अन् वणीले जा." रज्जाकला घर सोडून राहायचं नव्हतं. कुंडीत काय भरायचं यावर सगळं येऊन ठेपलं होतं. आणि गडी मात्र असा खुशीत, जणू लग्नघरचा आचारी! बंद जिनिंगमागं कचऱ्याचे ढीग पडले होते: बोंडांची टरफलं, काड्या, लोढलेल्या कापसाची घाण. एकाखाली हात घातला तर चटका बसला. "अबे, यात अंडं शिजन!" म्हणाला, आणि खरंच अंडं आणून पुरलं. आम्ही ते वाटून खाल्लं. जरा कच्चंच होतं, पण काय मजा आली! एवढा गरम कचरा मुळं भाजणार, हे त्या अंड्यानं शिकवलं. मग भिंतीकडेचा जुना, पावसात कुजून थंड झालेला ढीग सापडला. त्यात नाल्यातली रेती, कापसाची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, जाळून केलेला कोळसा कुटून... रोज नवं प्रमाण, रोज नवं भांडण.

परीक्षा मुठीची. ओलं मिश्रण मुठीत आवळायचं, मूठ उघडायची. गोळा राहिला पाहिजे, आणि बोटानं टोचला की भुगा झाला पाहिजे. "पानी धरन, पन धरून बसनार नाही, अशी मिट्टी पायजे," तो म्हणायचा. हळूहळू मलाही ती खोड लागली. लग्नाच्या पंगतीतही आम्ही दोघं लाडू तसाच तपासायचो.

एके सकाळी आरडाओरडा करत रज्जाक गल्लीतून पळत आला. हातात उपटलेला जरबेरा, मुळं उघडी... पांढरीशुभ्र, भरगच्च! "पाह्य गजा, पाह्य!" मागून भाभी ओरडत होत्या, "अहो, जगलेलं झाड कायले उपटलं?" सारी गल्ली हसली. झाड परत कुंडीत गेलं, जगलंही. जाळी उतरली नाही, रज्जाक वणीला गेला नाही. पुढची सगळी वर्षं तो भाभींच्या हातचं गरम जेवला.

कब्रस्तानात प्रत्येकानं पुढं होऊन तीन मुठी माती द्यायची असते. माझी पाळी आली. मूठ भरली आणि हाताला खोडच ती, आवळली गेली. उघडून बघतो तर काळ्या मातीचा घट्ट गोळा. बोटानं टोचला. फुटेना. ही माती रज्जाकनं कुंडीजवळही येऊ दिली नसती... आणि मला रडू फुटलं. मी तिथंच बसलो आणि दोन्ही हातांनी ती माती चुरू लागलो. मागं माणसं खोळंबली. आसिफ वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, काय करून राह्यले?"

"चाळून राह्यलो," मी म्हटलं.