हाइट कमी पडते

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. बदली झाली, क्वार्टर सोडायची वेळ आली, की माळ्यावरून आपण कधी ठेवलं तेही आठवत नाही असं सामान निघत राहतं, तसे ते निघतात. चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "शुभा, तुझ्या त्या संस्कार वर्गाचे किस्से सांग ना!" मी सांगते, त्या हसतात. मला मात्र अलीकडे त्यातल्या एकावरही हसू येत नाही.

आम्ही तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. ह्यांची मिनिस्ट्रीत नोकरी. शेजारच्या ब्लॉकमध्ये मिरजेची रेहाना शेख राहायची, तिचे मिस्टर दुसऱ्या मिनिस्ट्रीत. माझी गौरी आणि तिची सना एकाच वर्गात. कोथिंबीर आण म्हटलं की दोघी तोंडाकडे बघायच्या, धनिया म्हटलं की धावत आणायच्या. एक दिवस रेहाना म्हणाली, "शुभाताई, ही पोरं ना इथली होणार, ना तिथली. काहीतरी करू या. आपल्यासारखी झाली पाहिजेत."

म्हणून रविवारी सकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत वर्ग सुरू झाला. मी वाचन घ्यायचे, रेहाना गाणी शिकवायची. तिथल्या मराठी मंडळातल्या घरांतली अकरा मुलं यायची.

*

पहिल्या रविवारी म्हटलं, प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव, आवडता खेळ.

अमोघ उठला. "माझं नाव अमोघ. टाइप फोर."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, पोरगा क्वार्टरचा टाइप सांगतोय, बापाच्या हुद्द्याप्रमाणे मिळतो तो! पुढची श्रेया उठली. "मी श्रेया. टाइप थ्री." बसता बसता तिला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उठून म्हणाली, "पण पप्पांचं प्रमोशन ड्यू आहे!"

गावाचं नाव एकट्या सनाने सांगितलं. बाकीच्यांना हे टाइपचं कोणी शिकवलं, असं आम्ही दोघी नंतर एकमेकींना विचारत होतो. शिकवलं कोणीच नव्हतं. जेवताना आमच्या घरी दुसरा विषय तरी कुठला असायचा?

*

संक्रांतीला मुलांना शिकवलं, मोठ्या माणसांना तिळगूळ द्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. मंडळाच्या कार्यक्रमाला एक बडे साहेब यायचे होते. पांढरी गाडी आली, पुढचं दार उघडून पिकल्या केसांचे एक गृहस्थ उतरले. अमोघ धावत गेला आणि त्यांच्या पायाशी वाकला.

ते ड्रायव्हर होते. साहेब मागे बसले होते!

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने अमोघच्या डोक्यावर हात ठेवला. "जीते रहो, बेटा." तेवढ्यात अमोघची आई लगबगीने आली, दंडाला धरून त्याला बाजूला घेऊन गेली आणि हळूच काहीतरी समजावलं.

पुढच्या संक्रांतीला अमोघने कोणासमोरही वाकण्याआधी आईकडे बघितलं. शहाणा मुलगा! एका वर्षात शिकला.

*

मंडळाची पानिपतची ट्रिप तर ठरलेलीच. दिल्लीतल्या मराठी माणसाने मुलांना एकदा पानिपत दाखवायचंच असतं. मी तासभर भाषण केलं. नंतर बायका बाजारात शिरल्या. पुढच्या रविवारी श्रेयाने निबंध आणला, "आम्ही पानिपतला गेलो. तिथे मराठे हरले. मग आम्ही सहा चादरी घेतल्या."

हा निबंध मी अजूनही सांगते आणि अजूनही लोक पोट धरून हसतात. परतीच्या बसमधलं मात्र मी कधी सांगत नाही.

बसमध्ये मुलांनी दोन पार्ट्या पाडल्या. मराठे आणि शत्रू. शत्रू व्हायला कोणी तयार होईना. मग अमोघ म्हणाला, "सना होईल ना!"

"मी का? मी मिरजेची आहे," सना म्हणाली.

"हो, पण तू हो ना, यार."

सगळे मोठे हसले. "मुलंच आहेत!" कोणीतरी म्हणालं. मीही हसले. रेहाना माझ्या शेजारी बसली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

*

त्या वर्षी गणपतीत मुलांचं नाटक बसवलं. एका शूर राजमातेची गोष्ट, मीच लिहिलेली. राजमातेसाठी सनाशिवाय दुसरं नाव डोक्यात नव्हतं. तिला आपलंच काय, सगळ्यांचं काम पाठ होतं. रेहानाने हौसेने तिच्या मापाची हिरवी नऊवारी शिवून घेतली.

कमिटीच्या बायका घरी आल्या. "सना गुणी आहे हं, बिल्कुल. आमचं काहीच नाही. पण राजमाता आणि... कोणी काही म्हणेल." हा 'कोणी' कोण, ते मी विचारलं नाही. रेहानाला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मैत्रीण माझी होती.

मी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "अगं, राजमाता म्हणून सनाची जरा हाइट कमी पडते."

सना आईच्या मागेच उभी होती. रेहाना म्हणाली, "हाइट का? बरं, शुभाताई." मग आत जाऊन तिने नऊवारी आणून माझ्या हातात दिली. "जिला काम द्याल तिला होईल."

काम गौरीला दिलं. माझी गौरी सनापेक्षा दोन बोटं बुटकी होती. नऊवारी खाली लोळायला लागली, तेव्हा मी रात्री बसून ती दुमडून शिवली.

सनाला प्रॉम्प्टिंग दिलं. स्टेजवर गौरी तीनदा अडकली, तिन्ही वेळा पडद्यामागून सनाचा स्वच्छ आवाज आला. टाळ्या गौरीला पडल्या.

*

आठ दिवसांनी ब्लॉकखाली मुली स्टापू, म्हणजे आपली ठिकरी, खेळत होत्या. टाइप टूमधली नवी मुलगी खेळायला घ्या म्हणून आली. गौरीने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सॉरी हं. तुझी हाइट कमी पडते."

ती पोरगी सगळ्यांत उंच होती!

पण ती भांडली नाही. तिला बरोबर कळलं. मान खाली घालून परत गेली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गौरीला हाक मारायला हवी होती. काय म्हणून मारणार?

पुढच्या महिन्यात रेहानाचा निरोप आला, सनाला रविवारी मॅथ्सची ट्यूशन लागलीय. मला हायसं वाटलं. आज हे सांगताना लाज वाटते, पण वाटलं खरं. मग शेखांची बदली झाली. वर्ग मी आणखी सहा वर्षं चालवला.

*

आता आम्ही दिल्लीतल्याच द्वारका भागात असतो. आमची सोसायटी चांगली आहे, गौरी तिची सेक्रेटरी आहे. मागच्या महिन्यात सनाचा फोन आला. तिला दिल्लीत नोकरी लागली होती आणि घर मिळत नव्हतं. "काकू, तुमच्या सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे असं कळलं."

फ्लॅट आमच्या डोक्यावरच होता. मला इतका आनंद झाला! वाटलं, देवाने सुधारायला एक संधी दिली.

सना आली. गौरीने तिला मिठी मारली, "यार, किती वर्षांनी!" ते खोटं नव्हतं. चहा झाला, अमोघच्या, श्रेयाच्या आठवणी झाल्या. माझी नात इरा तिथेच चित्र रंगवत बसली होती. मग फ्लॅटचा विषय निघाला.

"अगं, फ्लॅट मस्तच आहे," गौरी म्हणाली. "पण पार्किंग कमी पडतं गं."

"माझ्याकडे गाडी नाही. मी मेट्रोने जाणार."

"अच्छा." गौरीने माझ्याकडे बघितलं. "पण नंतर घेशीलच ना."

मी बोलायला तोंड उघडलं. गौरीने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी एक बिस्किट घेतलं.

सनाने चहा संपवला. इराच्या चित्राला छान म्हणाली. दारापाशी चपला घालण्याआधी ती वळली आणि आमच्या वर्गात शिकवला होता तसा वाकून मला नमस्कार केला. मग उभी राहिली, अगदी ताठ.

"काकू," ती म्हणाली, "माझी हाइट आता पाच फूट सात इंच आहे."